मोर्चे काढून कधी युद्ध थांबलंय का? – जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत, मामा फौजेत होते, आणि घरात युद्धाच्या विरोधात तोंड उघडलं की "मोर्चे काढून एक तरी युद्ध थांबलंय का, दाखव" हे ऐकावं लागतं. शिवाय हे सगळं परदेशी फॅड आहे का, युद्ध चालू असताना असं बोलणं म्हणजे देशद्रोह नाही का, आणि ड्रोनच्या जमान्यात याचा उपयोग काय, असंही विचारलंय. मी बरीच वर्षं कॉलेजांमध्ये आणि कोथरूडच्या गांधी भवनात या विषयावर शिबिरं घेतोय, आणि पुण्यात हे प्रश्न हमखास येतात, कारण इथे सदर्न कमांड, एनडीए, खडकी, देहूरोड, कुठल्याही वर्गात दोन-चार पोरं फौजी नाहीतर फॅक्टरीवाल्यांच्या घरातली असतातच. आणि ती बाकीच्यांपेक्षा चांगले प्रश्न विचारतात, हा माझा अनुभव.

आधी वडिलांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे. १५ फेब्रुवारी २००३ घ्या. इराकवर हल्ला होऊ नये म्हणून जगातल्या शेकडो शहरांत एकाच दिवशी लोक रस्त्यावर आले, रोममध्ये तीसेक लाख, लंडनमध्ये पोलिसांच्याच आकड्याने साडेसात लाख, म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या निषेधांपैकी एक. २० मार्चला हल्ला झाला. १९१४ ची गोष्ट तर अजून वाईट. युरोपातले समाजवादी पक्ष वर्षानुवर्षं ठराव करत होते की युद्ध आलं तर सगळ्या देशांतले कामगार मिळून ते हाणून पाडतील, १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या चर्चमध्ये जमून पुन्हा शपथा झाल्या. ३१ जुलै १९१४ ला फ्रान्सचे जाँ जोरेस, जे शेवटपर्यंत युद्ध टाळायला धडपडत होते, त्यांना पॅरिसच्या एका कॅफेत जेवताना गोळी घातली, आणि ४ ऑगस्टला जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या त्याच समाजवादी खासदारांनी आपापल्या सरकारला युद्धासाठी पैसे मंजूर करून दिले. जर्मन संसदेत डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा कार्ल लीबक्नेख्त हा एकच माणूस विरोधात उभा राहिला. एकच!

तर नुसती गर्दी मोजली तर वडील जिंकले. पण मी मुलांना वेगळं मोजायला सांगतो. युद्धाला त्या लोकांकडून नेमकं काय हवं होतं, आणि त्यांनी ते दिलं का नाकारलं, एवढंच बघा. २००३ मध्ये लंडनच्या मोर्चातल्या माणसाकडून युद्धाला काहीच नको होतं, फौज पगारी, पैसा आधीच मंजूर, तो शनिवारी घोषणा देऊन सोमवारी ऑफिसला गेला तरी विमानं उडणारच होती. पण त्याच वेळी अमेरिकेला तुर्कस्तानची जमीन हवी होती, तिथून साठेक हजार सैनिक उत्तर इराकमध्ये घुसवायचे होते. १ मार्चला अंकारात हजारो लोक रस्त्यावर होते आणि आत संसदेत मतदान झालं, बाजूने २६४, विरोधात २५०, आणि १९ तटस्थ, त्यामुळे लागणाऱ्या बहुमताला तीन मतं कमी पडली आणि ठराव बारगळला. युद्ध थांबलं नाही, पण उत्तरेकडून घुसायचा सगळा प्लॅन मोडला. त्या मोर्चांमधला मला महत्त्वाचा वाटतो तो हा, रोमचा नाही.

नाकारणं म्हणजे काय ते बघायचं तर १९१६ चं ब्रिटन बघा. जानेवारीत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला, त्यात सदसद्विवेकाच्या कारणाने सूट मागायची एक पळवाट होती, पण सूट द्यायची का नाही ते ठरवणारी स्थानिक मंडळं कमालीची तुसडी. साधारण सोळा हजार तरुणांनी नकार दिला. काही क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, ज्यांच्यात शस्त्र न उचलण्याची परंपरा १६६० पासूनची आहे, काही समाजवादी, काही कुठल्याच गटातले नव्हते. त्यांची संघटना उभी करणारा फेनर ब्रॉकवे जन्माने कलकत्त्याचा, पुढे आयुष्यभर भारताच्या स्वातंत्र्याचा पाठीराखा. बर्ट्रांड रसेल यांची केंब्रिजमधली नोकरी याच चळवळीपायी गेली.

यातल्या पन्नासेक जणांना लष्कराने जबरदस्तीने फ्रान्समध्ये नेलं, कारण आघाडीवर हुकूम मोडला तर मृत्युदंड देता येतो. जून १९१६ मध्ये बुलोन इथे शेकडो सैनिकांची तीन बाजूंनी रांग लावून मधे त्यातल्या पस्तीस पोरांना एकेक करून पुढे बोलावलं. अधिकाऱ्याने वाचलं, गोळी घालून मृत्युदंड. मग थांबला. मग वाचलं, सरसेनापती हेग यांनी शिक्षा कायम केली आहे. परत थांबला, आधीपेक्षा जास्त वेळ. आणि मग वाचलं, शिक्षा बदलून दहा वर्षं सक्तमजुरी करण्यात येत आहे. हे मुद्दाम घाबरवण्यासाठी केलेलं होतं, आणि तरी ते मागे हटले नाहीत. शिबिरात हा प्रसंग सांगितला की फौजी घरातली मुलं सगळ्यात शांत होऊन ऐकतात, कारण परेड ग्राउंडवर असं उभं राहणं म्हणजे काय ते त्यांना कळतं. पहिलं महायुद्ध याने एक दिवससुद्धा लवकर संपलं नाही. पण १९३९ ला सक्ती परत आली तेव्हा नकाराचा हक्क नीट मान्य झालेला होता, सुनावणी करणारी मंडळं लष्करापासून वेगळी होती, आणि साठेक हजार लोकांनी तो हक्क मागितला. तो हक्क कुणा पंतप्रधानाच्या मनाच्या मोठेपणातून आलेला नाही.

व्हिएतनामबद्दल लोक म्हणतात की हिप्पींनी गाणी म्हणून युद्ध संपवलं, ते खरं नाही, आणि आंदोलनाने काहीच झालं नाही हेही खरं नाही. १९६९ च्या उन्हाळ्यात निक्सनने उत्तर व्हिएतनामला गुपचूप दम दिला होता की १ नोव्हेंबरपर्यंत माघार घ्या, नाहीतर बघा. त्यासाठी डक हूक नावाची योजना चालली होती, हनोईवर प्रचंड बॉम्बफेक, हायफाँग बंदरात सुरुंग. १५ ऑक्टोबरला अमेरिकेत देशभर निषेध दिन झाला, वीसेक लाख लोक, मोठ्या शहरातच नाही, लहान गावांत चर्चमध्ये मेणबत्त्या लावून बसलेली मध्यमवर्गीय माणसं. योजना बासनात गेली. निक्सनने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की या आंदोलनांनी त्याच्या धमकीची विश्वासार्हताच गेली. पण त्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं! नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला पुन्हा लाखो लोक आले, निक्सनने सांगितलं मी तर टीव्हीवर फुटबॉल बघतोय, आणि हजारो कार्यकर्ते आपण हरलो असं समजून घरी गेले. आपल्याकडेसुद्धा आंदोलनानंतर जो मरगळलेपणा येतो ना, तेव्हा मला नेहमी हे आठवतं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट. ऑगस्ट १९६९ मध्ये हॅवरफर्ड कॉलेजात युद्धविरोधकांची परिषद होती, तिथे रँडी केहलर नावाचा तरुण साध्या आवाजात म्हणाला की माझे मित्र तुरुंगात आहेत आणि थोड्याच दिवसांत मीही जातोय. ऐकणाऱ्यांत डॅनियल एल्सबर्ग होता, पेंटॅगॉनसाठी काम केलेला, व्हिएतनामची गुप्त कागदपत्रं हाताशी असलेला. तो बाहेर जाऊन बाथरूममध्ये ढसाढसा रडला, आणि ऑक्टोबरपासून रात्री झेरॉक्स मशीनवर सात हजार पानं कॉपी करायला लागला. १९७१ ला ती पेपरात छापून आली आणि सरकार वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं ते लोकांना पांढऱ्यावर काळं दिसलं. केहलर जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात काढून आला. मुहम्मद अलीचं तर सगळ्यांना माहितीये, १९६७ ला भरतीला नकार, किताब गेला, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर, १९७१ ला सुप्रीम कोर्टात सुटला. पण युद्ध त्यानंतरही चाललंच, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव १९७५ ला पडलं, आणि मुख्य लढाई व्हिएतनामी लोकांनी स्वतः लढली, हे विसरून अमेरिकन आंदोलकांना सगळं श्रेय देणारे लोक मला पटत नाहीत.

"थांबलेलं एक युद्ध दाखव" याला माझ्याकडे असलेलं सगळ्यात जवळचं उत्तर अमेरिकेतलं नाहीच, लायबेरियातलं आहे. २००३. यादवीची अनेक वर्षं, चौदा वर्षांत मध्ये थोडी उसंत. राजधानी मनरोव्हियात बायका, ख्रिश्चन आणि मुसलमान दोन्ही, पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसायला लागल्या, अध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा जातो त्याच रस्त्यावर. ऊन, पाऊस, रोज. अखेर टेलरला त्यांना भेटावं लागलं. घानात अक्राला वाटाघाटी सुरू झाल्या तर तिकडे बंडखोरांचे पुढारी हॉटेलात मजेत राहून आठवडेच्या आठवडे घालवायला लागले, इकडे शहरावर तोफगोळे पडतायत. जुलैत या बायकांची पुढारी लेमा बोवी आणि तिच्या सोबतच्या बायकांनी वाटाघाटींच्या हॉलचा दरवाजा अडवला, हातात हात अडकवून बसल्या, करार केल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. पोलीस अटक करायला आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे काढायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं भर लोकांत विवस्त्र होणं म्हणजे बघणाऱ्याला शापच, पोलिसांची हिंमत झाली नाही. १८ ऑगस्टला शांतता करार झाला. टेलरवर आंतरराष्ट्रीय खटला होता, शेजारच्या देशांची फौज आली होती, हे दाबही होतेच, सगळं बायकांनीच केलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांना वगळून ती गोष्ट सांगताच येत नाही.

आता परदेशी फॅड. याला मी दोन गोष्टी सांगतो, आणि त्यातली एक थेट पुण्याची आहे.

जुलै १९४० मध्ये काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीची बैठक पुण्यात भरली होती. फ्रान्स नुकतंच पडलेलं. इथे ठरलं की स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी अहिंसा ठीक, पण देशाच्या संरक्षणाला ती लागू करता येणार नाही, आणि ब्रिटिशांनी राष्ट्रीय सरकार दिलं तर काँग्रेस युद्धात मदत करेल. म्हणजे गांधीजींपासून काँग्रेस उघड उघड वेगळी झाली, आणि तीसुद्धा पुण्यात. बादशहा खान (खान अब्दुल गफारखान) त्याच महिन्यात कार्यकारिणीतून बाहेर पडले, पठाण माणूस, म्हणाले मला ही अर्धी अहिंसा चालणार नाही. ब्रिटिशांनी देऊ केलेलं काही पुरेसं नव्हतं, म्हणून काँग्रेस परत गांधीजींकडे आली आणि १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून उभे राहिले. मुद्दा साधा, या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे असं जाहीरपणे म्हणायचा हक्क. आधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं, मग भाषण करायचं, अटक झाली नाही तर गावोगाव बोलत दिल्लीच्या दिशेने चालायला लागायचं. चार दिवसांत विनोबांना पकडलं, तीन महिने शिक्षा. पुढच्या वर्षभरात वीस हजारांवर लोक असे एकेकटे तुरुंगात गेले. मोठा मोर्चा काढायचाच नाही, हेच तर त्यातलं डोकं होतं. त्यातले सगळे काही शांततावादी नव्हते, बऱ्याच जणांचा राग युद्धावर कमी आणि न विचारता युद्धात ढकलण्यावर जास्त होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

आणि गांधीजींचं सरळसोट चित्र काढू नका, कारण १९१८ ला हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश फौजेसाठी भरती करत फिरत होते. काही आठवड्यांपूर्वीच शेतसाऱ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी ज्या गावांनी फुकट बैलगाड्या दिल्या तिथे आता भाड्यानेसुद्धा गाडी मिळेना. कुणी भाषण केलं नाही, घोषणा नाही, नुसतं अंग काढून घेतलं. गांधीजी आमांशाने आजारी पडले आणि तो प्रकार संपला. माझ्या मते भारतातल्या युद्धविरोधाच्या इतिहासात खेडा जिल्ह्यातले ते शेतकरी विनोबांच्या आधी यायला पाहिजेत.

पुण्याचं अजून एक नाव म्हणजे दामोदर कोसंबी. लोकांना ते इतिहासकार म्हणून माहीत, गणिती म्हणून थोडे कमी, डेक्कन क्वीनने रोज मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत जाणारे म्हणून तर दंतकथाच. पण ते जागतिक शांतता चळवळीतही होते, आणि अणुऊर्जेचं वारं जोरात होतं तेव्हा, १९६० मध्ये, पुण्याच्या रोटरी क्लबसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की या देशाला सूर्यप्रकाश एवढा फुकट मिळतोय, त्यावर डोकं लावा. रोटरी क्लबसमोर! मोर्चा नाही की उपोषण नाही, एका शास्त्रज्ञाने आपल्या विषयातलं ज्ञान दुसऱ्या बाजूला टाकलं.

शास्त्रज्ञांवरून आठवलं, दुधाच्या दातांची गोष्ट शाळेतल्या मुलांना फार आवडते. १९५० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर चालायच्या, सरकारं म्हणायची काही धोका नाही. स्फोटातून स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडतं, गायीच्या पोटात जातं, दुधातून पोरांच्या हाडात आणि दातात, कारण शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. १९५८ च्या शेवटी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी आवाहन केलं, मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. दात पाठवला की पोराला "मी माझा दात विज्ञानाला दिला" असा बिल्ला. दशकभरात तीन लाखांवर दात जमले, आणि चाचण्या वाढल्या तसं दातातलं प्रमाणही वाढत गेलेलं दिसलं. त्याआधी १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकन अणुस्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांची मोहीम तीन कोटींच्या वर गेली, आणि चाचण्या थांबवा अशी मागणी संसदेत नेहरूंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये केली होती. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. जमिनीखालच्या राहिल्याच. आपण १९७४ आणि १९९८ ला पोखरणला जमिनीखालीच केल्या.

देशद्रोहाबद्दल. हा आरोप प्रत्येक देशात, प्रत्येक काळात झालाय, त्यात आपलं काही विशेष नाही. १९६२ चं चीन युद्ध होऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते तेव्हा शंकरराव देव, आपले भोरचे, संयुक्त महाराष्ट्र परिषदेतले, दिल्लीहून पेकिंगला (आजचं बीजिंग) पायी मैत्रीयात्रा घेऊन निघाले. चीनने आत येऊ दिलं नाही. यात्रा फसली असंच म्हणायला पाहिजे, आणि मला स्वतःला ती जरा भाबडी वाटते, पण देशभर संताप असताना तो माणूस रस्त्यावर चालत होता ही गोष्ट भाबडी नाही. तुमच्या मामांना मात्र शंकररावांचं नाव सांगू नका, ॲडमिरल रामदास यांचं सांगा. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र, १९९० ते ९३ नौदलप्रमुख, आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून भारत-पाकिस्तान लोकांमधल्या संवादासाठी आणि अण्वस्त्रांविरुद्ध मरेपर्यंत काम. २००४ ला मॅगसेसे मिळालं ते पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्यासोबत. त्यांना देशद्रोही म्हणताना माणूस निदान एकदा थांबतो.

कमजोर बाजूही सांगून ठेवतो, नाहीतर घरी पहिल्याच चेंडूवर आउट व्हाल. १९३० च्या दशकातला शांततावाद हिटलरपुढे उघडा पडला. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी राजा आणि देशासाठी लढणार नाही असा ठराव २७५ विरुद्ध १५३ ने केला, हिटलर सत्तेवर येऊन दहा दिवस झाले होते. आइन्स्टाइन तोवर कट्टर युद्धविरोधी, तरुणांना लष्करी सेवा नाकारायला सांगणारे, पण १९३३ मध्येच ते म्हणाले की मी बेल्जियन असतो तर सैन्यात गेलो असतो. हिटलरला अहिंसेनेच तोंड द्या, हा गांधीजींनी ज्यूंना आणि ब्रिटिशांना दिलेला सल्ला आज वाचवत नाही. या प्रश्नाला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

राहिलं ड्रोन. पायदळच नको असेल तर नकार कोण देणार, हा खरोखर चांगला प्रश्न आहे. पण ड्रोनलाही माणसं लागतात, फक्त ती आता बराकीत न बसता हिंजवडीसारख्या ठिकाणी बसतात. २०१८ मध्ये गुगलच्या कर्मचाऱ्यांना कळलं की कंपनी पेंटॅगॉनच्या प्रोजेक्ट मेव्हनसाठी काम करतेय, ड्रोनच्या व्हिडिओतलं काय काय ते एआयने ओळखायचं. हजारो जणांनी पत्रावर सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले, आणि जूनमध्ये कंपनीने सांगितलं की हे कंत्राट पुढे चालवणार नाही, शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं तत्त्वही जाहीर केलं. मेव्हन बंद पडलं नाही, दुसऱ्या कंपन्यांनी ते काम घेतलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गुगलने शस्त्रांबाबतचं ते वाक्य आपल्या तत्त्वांमधून काढून टाकलं, त्या वेळी मात्र २०१८ एवढा आवाज झाला नाही. तुमचं आयटीतलं कुणी असेल तर हा किस्सा त्यांच्याशी बोलून बघा, मला तरी शिबिरात सगळ्यात लांब चर्चा हल्ली यावरच होताना दिसते.